हनुवटीचा टेकू

चौबळ डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तोंड माझं उघडं होतं आणि बोलत ते होते. पुढच्या वीसेक वर्षांत या मांडणीत फारसा फरक पडला नाही.

मी त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवा होतो. गालात कापसाच्या गुंडाळ्या, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. वर दिव्याच्या झोतात एक गोल, तुकतुकीत चेहरा मला विचारत होता, "काय मास्तर, मूळ गाव कुठलं?" मी कॉलेजात इतिहास शिकवतो ही बातमी त्यांनी रिसेप्शनिस्टकडून आधीच काढली होती. मी नळीच्या बाजूनं काहीतरी म्हणालो. "कोल्हापूर? वा!" असं म्हणून त्यांनी दाढ कोरता कोरता तिथल्या कुठल्याशा खानावळीतल्या तांबड्या रश्श्याचं वर्णन सुरू केलं. मी नागपूरचा आहे. पण नळी निघेपर्यंत रस्सा इतका रंगला होता की दुरुस्ती करणं मला असभ्यपणाचं वाटलं. नंतर ती राहूनच गेली.

नॉटिंगहॅममध्ये कुणीही कुणालाही लाडानं 'डक' म्हणतं. बसचा ड्रायव्हर म्हणतो, फार्मसीतली बाई म्हणते, पार्किंगचा दंड लावणारासुद्धा म्हणतो. चौबळांनी ही पद्धत आल्या आल्या उचलली आणि आपल्या ठाण्याच्या मराठीत कालवून टाकली. "आ करा, डक." "दुखलं का, डक? दुखणारच." मराठी पेशंटही मग इंजेक्शन घेताना हसायचे, आणि हसल्यामुळे त्यांना ते जास्त दुखायचं.

त्यांच्या घरी जेवायला जाणाऱ्याची खरी परीक्षा असायची ती काचेच्या कपाटापाशी. इथल्या मराठी घरांतल्या दर्शनी कपाटांत काय असतं हे आता मला पाठ झालं आहे: चांदीचा गणपती, मुलांचे पदवीदान समारंभातले फोटो, आणि घरात कुणी राजवाड्यातल्या गार्डन पार्टीला जाऊन आलं असेल तर तिचं आमंत्रण, सहज पडल्यासारखं पण अक्षर वाचता येईल असं. चौबळांच्या कपाटात मेलेल्या माणसांना नीटनेटकं करण्याची जुनी उपकरणं होती.

एका कप्प्यात मानेखाली ठेवायचे लाकडी ठोकळे, मधे डोक्याच्या आकाराची खोलगट खाच असलेले. बाजूला वेताच्या विणीची एक घडीची फळी उभी केलेली. प्रेत तिच्यावर ठेवायचं आणि खाली बर्फाच्या पराती सारायच्या. एका काचेच्या बशीत डोळ्यांच्या टोप्या, म्हणजे नखाएवढ्या पातळ, फुगीर वाट्या. त्या पापणीखाली सरकवायच्या. वाटीच्या पाठीवरच्या बारीक काट्यांनी पापणी धरून ठेवायची, म्हणजे डोळा अचानक उघडून आलेल्या पाहुण्यांकडे बघत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष उपासनी यांनी एकदा त्यातली एक चिमटीत धरून दिव्यापुढे फिरवली आणि जाणकाराच्या आवाजात म्हणाले, "सुंदर! मोदकाचा साचा ना?"

"जवळजवळ," चौबळ म्हणाले. "उकडीच्या आधीचा."

उपासनी कशावरही मत द्यायला तयार असत आणि दहा माणसांच्या खोलीतही माइक मागत. त्या रात्री त्यांनी हात तीनदा धुतले, असं चौबळांच्या पत्नी कुमुदताईंनी मला नंतर सांगितलं.

या संग्रहातली पहिली वस्तू चौबळांना एका शेतात, गाड्यांच्या डिकीतून जुनंपानं विकतात तसल्या कार बूट सेलमध्ये मिळाली. पितळेची, वीतभर उंचीची. खाली छातीच्या हाडावर टेकेल अशी वाकडी पट्टी, मधे उंची कमीजास्त करायचा स्क्रू, वर दोन बोटांसारखा फाटा आणि त्याला बुचाची गादी. विकणाऱ्यानं ती व्हायोलिन वाजवणाऱ्याचा हनुवटीचा आधार म्हणून मांडली होती. "मी त्याला म्हटलं, बाबा रे," चौबळ सांगायचे, "या कोनात जर कुणी व्हायोलिन धरत असेल तर तो वाजवणारा मेलेला असला पाहिजे. आणि मग माझीच ट्यूब पेटली." हनुवटी हा दंतवैद्याचा प्रांत. त्यात आपल्याला ठाऊक नसलेला एक व्यवसाय एवढी वर्षं काम करतो आहे याचं त्यांना कुतूहल वाटलं, आणि थोडा मत्सरही.

त्यावरचं त्यांचं व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही देऊ शकेन. आपल्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधायचं, पायाचे अंगठे बांधायचे, की झालं. आपल्या एवढ्या पुरातन संस्कृतीला या बाबतीत एक स्क्रूसुद्धा शोधावा लागला नाही. इथे मात्र थंडी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मृताला घराच्या पुढच्या खोलीत ठेवत, नातेवाईक लांबून आगगाडीनं येत, आणि येणारा प्रत्येक जण चेहरा बघितल्याशिवाय चहा घेत नसे. मग त्या चेहऱ्याची बडदास्त आली. सुरुवातीला पापण्यांवर पेनीची नाणी आणि जबड्याला रुमाल. नंतर कारखान्यांनी त्यात हात घातला आणि पेटंटं निघाली. "सगळा खटाटोप कशासाठी, तर मेलेला माणूस झोपल्यासारखा दिसावा म्हणून," चौबळ पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे. "आता झोपलेला माणूस तोंड मिटून झोपतो हे यांना कुणी सांगितलं? मला बघा."

"बघते रोज," कुमुदताई म्हणायच्या. "ऐकते पण."

कुमुदताईंचं बोलणं एवढंच असे. नवऱ्यानं घरातला सगळा आवाज वापरून टाकल्यावर जो उरेल तो त्या काटकसरीनं वापरत. त्यांची स्वतःची अशी एक गोष्ट त्या घरात होती: कॉन्झर्व्हेटरीतली, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीतली, तुळस. इंग्लंडच्या हिवाळ्यात तुळस जगवणं म्हणजे आजारी मूल सांभाळणं. त्यांनी तिच्यासाठी वेगळा हीटर ठेवला होता, वर एक दिवा लावला होता. परिणाम असा झाला की डिसेंबर ते मार्चमध्ये आमच्या भागातल्या मराठी घरात कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा फ्युनरल डायरेक्टरला आणि तिसरा कुमुदताईंना. त्या पानं खुडून ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत द्यायच्या. चौबळ देवाधर्माला न मानणारे. ते म्हणायचे, "आमची तुळस फक्त एक्स्पोर्ट क्वालिटी. घरात वापर शून्य."

डॉक्टर नेने गेले तेव्हा त्या डबीसोबत आम्ही तिघंही गेलो. नेने इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, चौबळांचे जुने मित्र. जानेवारी होता. क्रेमेटोरियमची तारीख मिळेपर्यंत दोन आठवडे गेले होते. फ्युनरल डायरेक्टरच्या इमारतीत मागच्या बाजूला चॅपल ऑफ रेस्ट नावाची खोली असते: पिवळट पडदे, कापडी लिली, बॅटरीवरची मेणबत्ती. तिथे नेने रेशमी झब्ब्यात, तोंड घट्ट मिटून, कमालीचे शांत निजले होते. जिवंतपणी त्यांना इतकं शांत कुणी पाहिलं नव्हतं. पत्नी मंगलाताई उशाशी होत्या. मुलगा समीर, मेडनहेडला कसल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत असणारा, हातात तुळशीचं पान घेऊन उभा. पुण्याचे गुरुजी टॅब्लेटवर.

"मुखात तुळशीपत्र घाला, वर गंगोदक," गुरुजी म्हणाले.

समीर वाकला. वाकूनच राहिला.

"मधूकाका," तो चौबळांकडे वळून हळूच म्हणाला, "बाबांचं तोंड उघडत नाहीये. इट्स लाइक... स्टक."

"काय झालं? आवाज तुटतोय का?" गुरुजी.

"वन मिनिट, गुरुजी."

"घाल ना रे," मंगलाताई म्हणाल्या. "का थांबलास?"

चौबळ पुढे झाले. त्यांनी अंगठ्यानं नेन्यांचा वरचा ओठ जरासा उचलून पाहिला, इतक्या सवयीनं की मला वाटलं आता 'आ करा, डक' म्हणतात. ते काही म्हणाले नाहीत. आतून टाका घातलेला होता. जबडा वर ओढून पक्का केलेला होता. इथे बहुतेक ठिकाणी असंच करतात. नेटकं काम होतं. चौबळ सरळ उभे राहिले.

"ओठांवर ठेव, समीर."

"ओठांवर नाही, मुखात," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी डेंटिस्ट आहे. ओठ मुखातच मोडतात."

समीरनं पान ओठांवर ठेवलं आणि पळीनं पाणी सोडलं. ते ओठांच्या फटीवरून घसरलं, गालावरून कानाकडे गेलं आणि झब्ब्याच्या गळ्यात उतरलं. मंगलाताईंनी पदरानं टिपलं.

"प्यायले नाहीत," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. "पाणी बाहेरच राहिलं."

परत येताना गाडी मी चालवत होतो. चौबळ शेजारी, कुमुदताई मागे. बराच वेळ कुणी बोललं नाही. चौबळ गाडीत असताना असं व्हायची ती पहिलीच वेळ.

"माझे वडील गेले तेव्हा मी विमानात होते," कुमुदताई मागून म्हणाल्या. "महाडला पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. दादा म्हणाला, मी तुझ्या नावानंही पाणी घातलं. नावानं घातलेलं पाणी कुठे पोचतं?"

चौबळांनी खिडकीबाहेर बघितलं.

"तुमच्या वेळी मी इथे असणार आहे," त्या म्हणाल्या. "मी माझ्या हातानं घालणार."

"अगं, मी तर जोआनला सांगणार आहे, माझं तोंड पक्कं शिवून टाक म्हणून. लग्नापासून तुला तेच हवं होतं ना?"

मी हसलो. आमच्या गल्लीच्या वळणावर त्या म्हणाल्या, "मग मी ती तुळस कशाला जगवते?"

जोआन म्हणजे ती फ्युनरल डायरेक्टर. साठीतली, रुंद खांद्यांची बाई. तिचे आजोबा सुतार होते आणि शवपेट्या करता करता या धंद्यात आले होते. दुसऱ्या दिवशी चौबळ तिच्याकडे गेले आणि साक्षीदार म्हणून मलाही घेऊन गेले. मला वाटलं होतं भांडण होईल. पण चूक धड कुणाचीच नव्हती. मरणाच्या बाबतीत तपशिलात शिरणं आपल्या लोकांना अशुभ वाटतं. आम्ही फ्युनरल डायरेक्टरपुढे हात जोडतो, 'प्लीज हँडल एव्हरीथिंग' म्हणतो आणि घाईनं बाहेर पडतो. जोआननं एव्हरीथिंग हँडल केलं होतं.

"लोकांना मिटलेलं तोंड हवं असतं, डक," ती म्हणाली. "आजोबांच्या काळापासून आम्ही मिटवतोच आहोत. उघडणारं तोंड आजवर माझ्याकडे कुणी मागितलेलं नाही."

"मिटलेलं दिसायला हवं, पण मधे दोन मिनिटं उघडायला हवं, आणि परत मिटायला हवं," चौबळ म्हणाले.

"म्हणजे दरवाजासारखं."

"अगदी."

तिनं ड्रॉवरमधून प्लॅस्टिकचे टेकू काढून दाखवले. हल्लीचे, एकाच मापाचे. म्हाताऱ्या, आत बसलेल्या जबड्याखालून ते घसरतात, असं तीच म्हणाली. शिवाय ते दिसतात. इंग्रज माणूस शेवटच्या प्रवासाला टाय-कॉलर लावून निघतो, त्यात टेकू लपतो. आपला माणूस झब्ब्यात, गळा मोकळा. चौबळांनी ते प्लॅस्टिक उलटंसुलटं करून पाहिलं, आणि घरी येऊन कपाटाची काच सरकवली.

पुढचे काही आठवडे त्यांच्या घरी जाणं धोक्याचं झालं. मी सोफ्यावर बसलो की पितळी टेकू माझ्या हनुवटीखाली येई. "मास्तर, मेल्यासारखे पडा. तुम्हाला जड जाणार नाही, पेन्शनर आहात." मग ते स्क्रू पिळत, लांबून बघत, बुचाची गादी घासून बारीक करत, आणि या सगळ्या वेळात अखंड बोलत. मला परत एकदा उत्तर देता येत नव्हतं. कुमुदताई शाली आणून माझ्या गळ्याशी वेगवेगळ्या तऱ्हेनं लपेटून बघायच्या. शाल दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन एका बाजूला खोचली की टेकू दिसत नाही, हा शोध त्यांचा.

जुनी वस्तू पुन्हा वापरायची म्हणजे ती निर्जंतुक करणं आलं. दवाखाना विकून टाकलेला होता, तिथलं यंत्र गेलं होतं. एका सकाळी मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातून कुमुदताईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा.

"अहो, कुकरमध्ये काय आहे?"

"टेकू."

"माझ्या कुकरमध्ये? यात मी उद्या वरण लावणार!"

"आधी वरण लाव, मग टेकू लावू. क्रम पाळला की झालं."

त्याच दुपारी नवा कुकर आला. ओळख पटावी म्हणून कुमुदताईंनी त्याच्या मुठीला तांबडा दोरा बांधला. तरीही त्यानंतर त्यांच्याकडे जेवायला येणारा प्रत्येक जण आमटी वाढून घ्यायच्या आधी, काहीतरी सहज विचारावं तसं, कुकरची चौकशी करायचा.

टेकू पहिल्यांदा बसला तो एका आजींना. एजवेअरच्या, मुलीकडे राहायला आल्या होत्या आणि इथेच गेल्या. या वेळी चौबळ मुलीला घेऊन आधीच जोआनकडे गेले, काय करायचं आणि काय नाही ते बोलले. टाका नाही, औषधं भरणं नाही, फक्त शीतपेटी आणि टेकू. दर्शनाच्या दिवशी आजी शालीत लपेटून निजल्या होत्या. जोआननं शाल सैल केली, स्क्रू फिरवला, टेकू काढला. जबडा सावकाश उतरला. मुलीनं पान जिभेवर ठेवलं, पळीभर पाणी घातलं, आणि जोआननं टेकू परत चढवला. एवढंच. ती मुलगी रडत रडत चौबळांच्या पाया पडायला वाकली तर ते दोन पावलं मागे सरले आणि पडद्यात अडकले.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. एके दिवशी मंगलाताई नेने चौबळांकडे आल्या. बसल्या नाहीत. कपाटासमोर उभ्या राहून त्यांनी काचेतून टेकूकडे बराच वेळ बघितलं.

"हा तेव्हाही इथेच होता?"

"हो," चौबळ म्हणाले.

"मग तेव्हा का नाही काढलात?"

चौबळांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मंगलाताईंनी कुमुदताईंकडून हळदीकुंकू लावून घेतलं नाही, त्या विधवा होत्या. एक तुळशीचं रोप मात्र मागून नेलं. त्यानंतर आमच्यात कुणी गेलं की चौबळ बोलावण्याची वाट बघेनासे झाले. फोन येण्याआधीच त्यांची गाडी त्या घरासमोर उभी असायची. कपाटाबद्दल विनोद करायचेही ते थांबले नाहीत, पण टेकू आता काचेत नसे. तो दाराशी, गाडीच्या किल्ल्यांच्या शेजारी, टॉवेलमध्ये गुंडाळलेला असे.

अर्थात मंडळाला याचा सत्कार करायचा होता. उपासनींनी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात चौबळांना व्यासपीठावर बोलावलं आणि माइक हातात घेऊन 'अंत्यसेवेचा हा पितळी दीपस्तंभ' असं काहीतरी म्हणाले. पुढे ते म्हणाले की या उपक्रमाला नाव देऊन, बोधचिन्ह करून, हा प्रकल्प आपण देशभर नेऊ. मग शाल आणि श्रीफळ. चौबळांनी शाल हातात घेऊन अंगठा आणि बोटांत तिचा पोत तपासला.

"नारळ परत घ्या," ते माइकमध्ये म्हणाले, "पण शाल उत्तम आहे. टेकू झाकायला अशीच लागते. मंडळानं आजवर वाटलेल्या सगळ्या शाली कपाटांत पडून आहेत, त्या माझ्याकडे आणून द्या. निदान कुणाच्या तरी अंगावर जातील." मग खाली बघून, "अध्यक्षांनी स्वतःची ठेवून घ्यावी. लागेल तेव्हा आहेच."

शाली खरोखरच आल्या. वरच्या खोलीत त्यांची चळत झाली.

हे सगळं इतरांसाठी. स्वतःबद्दल विचारलं की त्यांचं जुनंच उत्तर: शिवून टाका. पाणी नको, पान नको, गुरुजी तर नकोतच. कुमुदताईंनी विषय काढला की ते म्हणायचे, "आयुष्यात तू मला नळाचं पाणीसुद्धा उकळल्याशिवाय दिलं नाहीस, आणि मेल्यावर थेट गंगा?" मी एकदा, ते ऐकत नाहीत असं बघून, कुमुदताईंना म्हणालो की गंमत करतात हो ते, मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "गंमत करतात आणि मग तसंच वागतात. चाळीस वर्षं बघतेय. गमतीत म्हणाले होते इंग्लंडला जाऊ."

त्यांची भीती खोटी नव्हती. चौबळ हट्टी होते, आणि आपल्या मतांची शेवटपर्यंत लाज राखणं हा त्यांना सभ्यपणा वाटायचा. मूलबाळ नव्हतं. त्यांनी जोआनला एक शब्द सांगितला असता की जोआननं तो पाळला असता; तो तिचा धंदाच. आणि चॅपल ऑफ रेस्टमध्ये कुमुदताईंच्या हातातलं पाणी नेन्यांच्या गालावरून गेलं तसंच गेलं असतं.

मग त्यांच्या स्वादुपिंडात काहीतरी निघालं, आणि काय निघालं ते कळेपर्यंत फार उशीर झाला होता. ऑक्टोबरमध्ये मी भेटायला गेलो. दार उघडंच होतं. दोघं कॉन्झर्व्हेटरीत होते. चौबळ वेताच्या खुर्चीत, अंगानं निम्मे झालेले, मान मागे, आणि हनुवटीखाली पितळी टेकू. समोर कुमुदताईंनी दाढीचा आरसा धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्या स्क्रू फिरवत होत्या. तोंड मिटून बसलेले चौबळ मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी हातानं मला बसायची खूण केली, मग बोटानं स्क्रू अजून थोडा, अजून थोडा, बास, अशी खूण केली. कुमुदताईंनी टेकू काढून घेतला.

"माझी हनुवटी आत आहे," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "चौबळांच्या सगळ्यांचीच. इतरांच्या मापावर ठेवला तर घसरेल. म्हणून खूण करून घेतली." पितळेच्या दांड्यावर कुमुदताईंचं नेलपॉलिश लावलं होतं, एक लाल ठिपका.

"शिवायचं ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"जोआनचा टाका पाहिलाय मी. बरा आहे, पण माझ्या तोंडात चालणार नाही." ते जरा थांबले, दम घेतला. "मास्तर, साक्षीदार तुम्ही. गुरुजी नाहीत. मंत्र नाहीत. आणि पाणी उकळून. गंगेचं असो नाहीतर नळाचं, उकळून गार केल्याशिवाय माझ्या तोंडात जाणार नाही."

कुमुदताई तुळशीची सुकलेली पानं काढत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. पण ती पानं त्या बराच वेळ काढत राहिल्या, आणि तुळशीवर सुकलेलं फारसं काही नव्हतं.

ते नोव्हेंबरच्या शेवटी गेले. क्रेमेटोरियमच्या आदल्या दिवशी दुपारी मी कुमुदताईंना घेऊन जोआनकडे गेलो. बाहेरच्या खोलीत मंडळी जमली होती. उपासनी रांग लावत होते. आत आम्ही तिघंच होतो, म्हणजे चार. चौबळांच्या अंगावर मंडळाची शाल होती, खांद्यांवरून घेऊन एका बाजूला खोचलेली. चेहरा शांत, नीटनेटका आणि कुणाचाही असावा तसा.

जोआननं शाल सैल केली आणि स्क्रू फिरवून टेकू काढला. तोंड अर्धवट उघडलं.

कुमुदताईंनी पर्समधून लहान थर्मास काढला. पळीत पाणी ओतलं आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. "उकळून गार केलंय," त्या म्हणाल्या. "आता कुरकुर करायची नाही." जिभेवर पान ठेवलं. पाणी सोडलं. मग पदराचं टोक हातात धरून ओठांच्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काही बाहेर आलं नाही.

"गेलं आत," त्या म्हणाल्या.

जोआन टेकू घेऊन पुढे झाली. "बसवू परत, डक? लोक थांबलेत."

कुमुदताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "नो, जोआन. लीव्ह हिम. तोंड मिटलेलं असलं तर लोक म्हणतील भलत्याच माणसाला आणलंय."

जोआननं चौबळांकडे पाहिलं, मग नुसती मान हलवली. तिच्या तीन पिढ्यांच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच होत असावं. तिनं शाल परत खोचली आणि दार उघडलं.

लोक एकेक करून येऊन गेले. मंगलाताई आल्या, त्यांनी उघडं तोंड पाहिलं, कुमुदताईंचा हात दाबला. उपासनींनी खिशातून भाषणाचा कागद काढला होता. ते पायाशी उभे राहिले, त्या अर्धवट उघडलेल्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं, कुणीतरी आता मधेच बोलेल या अंदाजानं क्षणभर थांबले, आणि कागद परत खिशात घालून निघून गेले. सगळ्यांत शेवटी मी. या वेळी तोंड त्यांचं उघडं होतं आणि मला कुणी अडवत नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मी नागपूरचा."

गाडीत बसल्यावर कुमुदताई म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं हो. म्हणायचे, मास्तर नागपूरचे आहेत, पण रस्सा कोल्हापूरचा जास्त बरा."

मांडीवरच्या पिशवीत थर्मास होता, आणि पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेला टेकू. मी विचारलं, वाटेत कुठे चहाला थांबायचं का.

"नको, सरळ घरी चला," त्या म्हणाल्या. "तांबड्या दोऱ्याचा कुकर लावायचाय. जोआनला हा परवा लागणार आहे."